फेरीने गेलो म्हणून दंड, नाही गेलो म्हणून जादा किलोमीटर

धरमपेठ, नागपूर
दि. ५ जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : कोकण सागरी मार्ग सहलीच्या अनामत रकमेतून कापलेले ११,६०० रुपये परत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

आमचे लग्न नोव्हेंबरअखेर झाले. ८ ते १६ डिसेंबर २०२५ या काळासाठी मी आपल्या कंपनीकडून नवदाम्पत्यांची कोकण सहल घेतली. गाडी नागपुरात ताब्यात घ्यायची, स्वतः चालवायची, मुक्काम आणि वेळापत्रक तुमचे. अनामत १५,००० रुपये भरली. त्यातले ३,४०० रुपये परत आले आणि २२ डिसेंबरला एक बिल आले. ते बिल मी चार जणांना वाचून दाखवले. चौघेही आधी हसले आणि मग म्हणाले, सोडू नकोस.

पहिल्या दिवशी पहाटे ५ ला येणारी गाडी साडेआठला आली. कारण सांगितले, अधिवेशनाचा बंदोबस्त. डिसेंबरात नागपुरात अधिवेशन असते हे इथल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक असते, पण असो. त्याबद्दल मी काही मागत नाही.

मागतो आहे ते पुढच्यासाठी.

तुमच्या वेळापत्रकात चार फेरीबोटी आहेत : आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. तुमच्याच छापील कागदावर लिहिले आहे, 'गाडीसह फेरीबोटीने खाडी पार करण्याचा अविस्मरणीय अनुभव'. माझी पत्नी उमरेडची. तिने त्याआधी समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्याकडे मोठे पाणी म्हणजे फुटाळा आणि अंबाझरी हे तलाव. सहल निवडली ती त्या एका ओळीमुळे.

पहिल्या दोन फेऱ्या आम्ही तुमच्या कागदाप्रमाणे केल्या. गाडी फळीवरून आत, हँडब्रेक ओढलेला, शेजारी मासळीचा टेम्पो आणि शाळेची पोरे. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब उभे आहेत, त्यांच्याकडे बघत पलीकडे पोचलो. खरे सांगतो, दोघेही खूश होतो.

११ डिसेंबरला दुपारी चारच्या पुढे आम्ही दाभोळच्या धक्क्यावर रांगेत उभे होतो. समोर वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपावे दिसत होते. पंधरा-वीस मिनिटांचे पाणी. तेवढ्यात तुमच्या मदत केंद्रातून फोन आला. पलीकडचा मुलगा घाबरलेला होता. "सर, तुमची गाडी दोनदा पाण्यात दिसली आहे." मी म्हणालो, पाण्यात नाही, पाण्यावर. त्याने कराराचे कलम १७ वाचून दाखवले : वाहन कोणत्याही जलवाहतुकीच्या साधनावर चढवता येणार नाही, चढवल्यास दर वेळी ३,५०० रुपये दंड आणि विमा रद्द. मी म्हणालो, अहो, तुमच्याच वेळापत्रकात पान ३ वर फेरी लिहिली आहे. तो म्हणाला, वेळापत्रक दुसरा विभाग करतो. त्याला खाडी म्हणजे काय, तिच्यावर इथे पूल का नाही, हे सांगता सांगता फेरी सुटली. बोटीवरच्या माणसाने दोनदा हात करून विचारले, चढवताय ना? आम्ही मागे फिरलो.

तुमच्या कागदावर दाभोळ ते गुहागर फेरीने १८ किलोमीटर आहे. आम्हाला उलटे दापोलीला यावे लागले, तिथून खेड, परशुराम घाट, चिपळूण आणि मग गुहागर. मीटरवर १३८ किलोमीटर भरले. पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. घरगुती मुक्कामाच्या काकूंनी मोदक झाकून ठेवले होते. ते गार झाले होते, पण ठेवले होते. तुमच्या सगळ्या सहलीत वेळ पाळणारी तेवढी एकच व्यक्ती भेटली. दुसऱ्या दिवशी दंडाच्या भीतीने तवसाळची फेरीही सोडली आणि भातगावच्या पुलावरून गणपतीपुळ्याला गेलो. तो फेरा ३० किलोमीटर जास्त पडला.

आता तुमचे बिल. 'निर्बंधित जलक्षेत्रात प्रवेश', दोन वेळा, ७,००० रुपये. 'मर्यादेबाहेरील प्रवास', १५० किलोमीटर, १४ रुपये दराने २,१०० रुपये. 'गाडीच्या खालच्या भागाची क्षार-सफाई', २,५०० रुपये.

ते १५० किलोमीटर नेमके कुठले, हे तुम्ही पाहिले का? दाभोळचे १२० आणि भातगावचे ३०. ठरलेले २,३००, झाले २,४५०. म्हणजे दोन ठिकाणी तुमचे वेळापत्रक पाळले म्हणून दंड, आणि दोन ठिकाणी तुमचा करार पाळला म्हणून जादा भाडे. तिसरा मार्ग मला सुचत नाही. पोहत जायला पाहिजे होते का?

विम्याचे जे कारण फोनवर सांगितले, त्याबद्दल एक गोष्ट. माझे सासरे विमा कार्यालयातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी त्यांच्या स्वतःच्या गाडीची पॉलिसी काढून दाखवली. रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानाने वाहन नेले जात असताना होणारे नुकसान त्यात संरक्षणाखाली धरले आहे. आपल्याकडच्या मोटार विम्यात हे नेहमीचे वाक्य आहे. तुमच्या पॉलिसीत ते नसेल, तर तिची प्रत पाठवा. मी लगेच मान्य करीन.

क्षार-सफाईबद्दल फार लिहीत नाही. गाडी आम्ही एकदाही वाळूवर नेली नाही, हर्णैला नाही की गुहागरला नाही, जिथे लोक सर्रास नेतात. 'आठ दिवस समुद्राला खेटून' ही तुमचीच जाहिरात होती. समुद्राला खेटून नेल्यावर गाडीला खारा वारा लागणार. आरे-वारेच्या रस्त्याने जाताना काचा पुसायला थांबावे लागले, इतका तो वारा खारा होता. त्याचे पैसे भाड्यातच धरायला हवे होते.

मला वाटते तुमचे वेळापत्रक करणारा माणूस समृद्धी महामार्गावरच वाढला असावा. ७०१ किलोमीटर, मध्ये एक गतिरोधक नाही. तिथे नकाशावर बोट ठेवून वेळ काढता येते. कोकणात प्रत्येक खाडीला विचारून पुढे जावे लागते, आणि तुमच्या कार्यालयातल्या कोणीही तो रस्ता गाडीने केलेला नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

मागणी एवढीच : ११,६०० रुपये पूर्ण परत करा आणि कलम १७ व वेळापत्रक यांतले खरे कोणते, ते लेखी कळवा. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आले नाही तर मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. करारात तुम्ही परगावचे न्यायक्षेत्र लिहिले आहे, पण त्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक स्वतः राहतो तिथे तक्रार करू शकतो, आणि एवढ्या लहान रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद आधीच केली आहे.

वेळापत्रकाचे पान ३, कलम १७ चे पान, दोन्ही फेऱ्यांच्या पावत्या, मीटरचे फोटो आणि तुमचे बिल सोबत जोडले आहे. मूळ प्रती माझ्याजवळ आहेत.

आपला,
तुमचा ग्राहक (बुकिंग माझ्याच नावावर आहे)

ता. क. : पैशाशी संबंध नाही, पण हे दुरुस्त करा. १० डिसेंबरला तुम्ही हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेसाठी दुपारी ४ ते ४.२० ही वेळ दिली होती. ती वाट खाली खडकांवरून, लाटांच्या अगदी काठाने जाते आणि ओहोटीलाच करायची असते. आम्ही गेलो तेव्हा पाणी खडकावर फुटत होते. प्रसादाच्या दुकानातल्या आजोबांनी अडवले. म्हणाले, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. त्या दिवशी वद्य षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार. पत्नीने तिथेच पायरीवर बसून तुमच्या पुढच्या सगळ्या मुक्कामांच्या भरतीच्या वेळा कागदाच्या मागे लिहून काढल्या. हवा असेल तर तो कागद पाठवतो.