जड नळीच्या नावाखाली विकलेल्या सदोष एअर रायफलीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: १० मीटर एअर रायफलीची सदोष नळी व माहितीपत्रकातील दिशाभूल

महोदय,

माझ्या मुलीसाठी आम्ही तुमची जड नळीची पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) एअर रायफल नागपुरातल्या विक्रेत्याकडून घेतली. ‘नळी जितकी जड, तितका नेम अचूक’ असं तुमच्या माहितीपत्रकावर ठळक छापलं आहे. प्रत्यक्षात १० मीटरवर छर्रे विखुरतात. या प्रकारात दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या सेवा केंद्राने फोनवरच मुलीच्या पकडीला दोष दिला. मग क्लबच्या कोचनी रायफल शिकंज्यात घट्ट आवळून चालवली, तरी छर्रे तसेच पसरले. त्याच डबीतले छर्रे क्लबच्या जुन्या, हलक्या नळीच्या रायफलीतून जवळपास एकाच भोकातून गेले. भिंगातून पाहिलं तर तुमच्या नळीच्या तोंडाशी एका बाजूला धातूचा कंगोरा राहिलेला दिसला. तिथून बाहेर पडताना हवा छर्र्याला एकसारखी ढकलत नाही. फोटो आणि दोन्ही टार्गेट सोबत जोडली आहेत.

दुकानात आम्हाला ५० मीटर स्पर्धेच्या रायफलींचे दाखले दिले गेले. त्या .२२ काडतुसाच्या. काडतुसाच्या रायफलीत जाड नळी कमी थरथरते आणि सलग गोळ्या झाडल्या तरी उशिरा तापते, हे खरं. पण एअर रायफलीत दारूच जळत नाही, तर नळी तापणार कशाने? इथे वजनाने फार तर हात स्थिर राहतो, तेही पेलवलं तर. सगळा भार पुढे आल्याने माझी मुलगी मागे झुकून उभी राहते आणि सरावानंतर तिची कंबर धरते. अचूकता ठरते ती नळीच्या आतले आटे (छर्र्याला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा), तोंडाची कड आणि छर्रा नळीत कसा बसतो यावर. यातलं एक अक्षरही तुमच्या पत्रकात नाही.

२०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला नेमबाज स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक जिंकल्यापासून आमच्यासारखे कितीतरी पालक मुलांसाठी रायफल घ्यायला निघाले आहेत. छापील वाक्यावर विश्वास ठेवून ते पैसे मोजतात, याचा मला फार राग येतो.

नळी बदलून द्या आणि ती शिकंज्यात चालवून घेतलेलं टार्गेट सोबत पाठवा. पत्रकातलं ते वाक्य काढा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली,
एक ग्राहक, धरमपेठ, नागपूर