गवंड्यांचा वर्ग पावसाळ्यात भरवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोकणात घर बांधणाऱ्याला ऊर्जाबचतीची भाषा आता नवी राहिलेली नाही. वास्तुरचनाकार दुहेरी काच सुचवतात, रंगवाले 'घर थंड ठेवणारा' रंग विकतात, एसीवर तारे मोजले जातात. पण हे सगळे प्रत्यक्ष भिंतीत आणि छपरात बसवणारे जे हात आहेत, म्हणजे गवंडी, सेंट्रिंगवाला, खिडक्यांचा फॅब्रिकेटर आणि एसीचा मेकॅनिक, त्यांना हे काम शिकवत कोणी नाही. शिकवलेच तर अभ्यासक्रम असा की जो नागपूरला तोच वेंगुर्ल्याला. आमचे म्हणणे असे की हे प्रशिक्षण कोकणच्या हवेवर बेतलेले असावे आणि त्याची परीक्षा कागदावर न घेता पाण्याच्या फवाऱ्याखाली घ्यावी.

खिडकीचेच पाहा. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली. २०१८ च्या रूपात ती ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी असल्याने गावातल्या एकट्या घराला बहुधा लागत नाही. आकडे मात्र कोणालाही वापरता येतात. उष्ण-दमट हवामानात दारे, खिडक्या आणि झरोके मिळून बाहेर उघडणारे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावे, असे ती सांगते. दहा बाय बाराच्या खोलीला हे २० चौरस फूट होते. मालक चार बाय पाचची सरकती खिडकी लावून खूश होतो, पण दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, त्यामुळे हाती येतात १० चौरस फूट. तीच खिडकी बिजागरीची केली तर संहितेच्या हिशेबात ९० टक्के, म्हणजे १८ चौरस फूट धरली जाते. काचेच्या एका पैशाचाही जादा खर्च न करता वारा जवळजवळ दुप्पट. हे गणित फॅब्रिकेटरला पाठ हवे, कारण मोजमाप घ्यायला तोच येतो.

सरकत्या खिडकीचे दुसरे दुखणे आषाढात कळते. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब सुमारे ४७० पास्कल होतो, म्हणजे जवळजवळ ५ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका. खालच्या रुळाची आतली कड त्याहून बुटकी असली, आणि साध्या सेक्शनची ती बहुधा असतेच, तर जोराच्या झोतात पाणी आत येणारच. वारा त्याला वर ढकलत असतो. त्यात रुळाला पाणी बाहेर जाण्यासाठी जी छिद्रे असतात, ती फिटर 'गळू नये म्हणून' सिलिकॉनने बुजवतो. मग रुळाची पन्हळ भरते आणि ओघ थेट गादीवर. नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे तोंड असलेल्या भिंतीत म्हणूनच गॅस्केटवर (रबरी पट्टीवर) दाबून बंद होणारी बिजागरीची खिडकी घ्यावी. चौकट आणि भिंत यांच्यात ६ ते १० मिलिमीटर फट ठेवावी, ती धूळ झाडून कोरडी करावी, आत फोमची दोरी दाबावी आणि मगच सीलंट भरावे. दोरी वगळली तर सीलंट तीन बाजूंना चिकटते आणि ताण येताच फाटते. सिलला, म्हणजे खिडकीखालच्या कट्ट्याला, बाहेरच्या बाजूला उतार हवा आणि तिची कड भिंतीपुढे आलेली हवी.

छज्जाही यातच येतो. रत्नागिरीच्या आसपास मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पुढे काही आठवडे उत्तरेकडे कललेला असतो. 'उत्तरेला ऊन नाही, छज्जा कशाला' हे दुसऱ्या मुलखातले ज्ञान झाले. पश्चिमेला मात्र नुसता छज्जा पुरत नाही. उतरते ऊन त्याच्या खालून शिरते. तिथे पडवी किंवा उभी जाळीच हवी. जुन्या घरांना पडवी का होती, हे नकाशात दोन फूट वाचवणाऱ्यांनी एकदा दुपारी चार वाजता पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहावे.

आता हा छज्जा आधी का सडतो? तो बाहेर झुकलेला असल्याने त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. काँक्रीट ओतताना कामगार तिच्यावर पाय देतात, सळई खाली बसते, वर तडा जातो आणि त्यातून खारे पाणी शिरते. खाली चेअर, म्हणजे सळई उचलून धरणारे आधार, लावल्या, पाय ठेवायला फळी टाकली, तर हे टळते. खालच्या अंगाला कडेपासून इंच-दीड इंचावर पाणी तोडणारी खाच ठेवायची, नाहीतर पाणी छज्जाच्या पोटाने वाहत भिंतीला येते. किनाऱ्याच्या हवेला उघडे असलेले काँक्रीट आयएस ४५६ : २००० हे भारतीय मानक 'तीव्र' वर्गात धरते : ताकद किमान एम ३० प्रतीची, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंटचे प्रमाण फार तर ०.४५, कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ४५ मिलिमीटर. साइटच्या भाषेत ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी, तेही रेतीतला ओलावा धरून. ७५ किलो रेतीत ५ टक्के ओल असेल तर पावणेचार लिटर आधीच पडले. माल घट्ट वाटला की मिस्त्री डबाभर पाणी वाढवतो. त्या जागी प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन, मोजून घालायला शिकवावे. सिमेंट, रेती, खडी यांच्या एक-दीड-तीनच्या प्रमाणात एम ३० मिळत नाही, त्याला मिक्स डिझाइन, म्हणजे चाचणी करून ठरवलेले प्रमाण, लागते. खाडीची रेती आणि मचूळ विहिरीचे पाणी यांना तर पूर्ण बंदी.

छपराबद्दल थोडे अधिक लिहावे लागेल, कारण घरात शिरणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा तिथून येतो आणि सर्वांत जास्त पैसेही तिथेच वाया जातात. संहिता छपराची यू-व्हॅल्यू (छपरातून उष्णता किती सहज आत येते त्याचे माप; जितके कमी तितके चांगले) १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्व्हिनपेक्षा जास्त चालवून घेत नाही. पाच इंची उघड्या स्लॅबची ती ३.३ च्या आसपास येते. वर २५ मिलिमीटर एक्सपीएसचे (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचे) तक्ते टाकले तर एकच्या आत, ५० मिलिमीटर टाकले तर ०.५ ते ०.६. क्रम चुकवून चालत नाही. आधी स्लॅबवर १०० ला १ उतार, कठड्याच्या कोपऱ्याला गोलाई (वाटा), वॉटरप्रूफिंग, मग किमान २४ तास पाणी साठवून चाचणी. त्यानंतर तक्ते सांधे जुळवून, त्यावर जाळीसह काँक्रीटचा थर आणि शेवटी पांढरी चायना मोझेक. तक्त्याऐवजी स्वस्त, हलका थर्मोकोल टाकला की तो पाणी धरतो आणि ओला थर्मोकोल उष्णता अडवत नाही. ब्रिकबॅट कोब्याचेही (विटांच्या तुकड्यांच्या थराचेही) तेच. तडे गेलेला कोबा पावसाळाभर पाणी साठवून खालचा स्लॅब ओला ठेवतो.

बहुतेक घरांवर स्लॅब ओतून झाला की गळतीच्या भीतीने वर पत्र्याची शेड चढते. त्यात वाईट काही नाही; स्लॅबला आयती सावली मिळते. पण दोन्ही टोके पत्र्याने बंद केली तर मधली हवा भट्टीसारखी तापते. टोके उघडी ठेवून पक्ष्यांसाठी जाळी लावावी, आढ्याला गरम हवेसाठी वाट द्यावी. पत्र्याखाली ॲल्युमिनियमची चकचकीत शीट लावायची तर चकाकीचे तोंड खाली, आणि त्याखाली किमान इंचभर मोकळी हवा. चकाकी वर ठेवली तर धूळ बसून उपयोग जातो. चकाकीचे तोंडच पत्र्याला किंवा लाकडाला चिकटले तर उपयोग होतच नाही. वादळात पत्रा आधी कडेला, कोपऱ्यात आणि आढ्याशी उचलला जातो, म्हणून तिथे स्क्रू जवळजवळ हवेत. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-दापोलीच्या पट्ट्यात किती छपरे उडाली हे सर्वांना ठाऊक आहे. पत्रा चांगला आणि स्क्रू साधा घेतला तर आधी स्क्रूचे डोके गंजते.

एसीच्या खोलीचा प्रश्न वेगळा आहे आणि इथे परदेशी पुस्तके दिशाभूल करतात. बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होते तो, २७ अंशांवर येतो. खोली २४ अंशांवर असेल तर बाहेरची हवा जिथून जिथून आत शिरते, म्हणजे स्विचबोर्डचे पाइप, फॉल्स सीलिंग, दाराखालची फट, तिथे थंड पृष्ठभागावर पाणी धरते आणि बुरशी येते. थंड देशांत वाफरोधक थर आतल्या बाजूला लावतात, कारण तिथे वाफ आतून बाहेर जाते. आपल्याकडे ती बाहेरून आत येते. आतून व्हिनाइलचा वॉलपेपर किंवा प्लास्टिकसारखा रंग लावला की वाफ त्याच्यामागे अडकते आणि कागद काळा पडतो. वाफ अडवायची ती बाहेरच्या अंगाला. गरजेपेक्षा मोठा एसी घेतला तर खोली पटकन थंड होते, यंत्र लवकर थांबते आणि दमटपणा तसाच राहतो, मग मालक तापमान आणखी खाली नेतो. दीड टनाऐवजी एक टन पुरेल का, हे मेकॅनिकला सांगता यायला हवे.

जर्मनीतल्या डार्मस्टाट येथे १९९१ मध्ये पहिले पॅसिव्ह हाऊस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेवर चालणारे घर, उभे राहिले. ५० पास्कल दाबाला हवेची गळती तासाला घराच्या आकारमानाच्या ०.६ पटीहून जास्त नको, हा त्या पद्धतीचा निकष. तो आपल्या वारा खेळणाऱ्या घराला लावण्यात अर्थ नाही, फार तर एसीच्या खोलीपुरता. घेण्यासारखे आहे ते हे की त्या पद्धतीत कारागिरांसाठी वेगळी प्रमाणपत्र परीक्षा आहे.

आपल्याकडे त्यासाठी नवी योजना काढायचीही गरज नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत गवंडी आणि सुतार दोन्ही आहेत. ४० तासांचे प्राथमिक आणि १२० तासांचे प्रगत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपये अशी तिची तरतूद आहे. प्रगत प्रशिक्षणातले ४० तास कोकणासाठी राखून ठेवावेत. रत्नागिरी आणि मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनांच्या आवारात चिऱ्याच्या नमुना भिंती बांधाव्यात, त्यात प्रत्येकाने एक खिडकी बसवावी, छज्जाचा एक तुकडा ओतावा. पंधरा मिनिटे नळीने जोरात पाणी मारायचे, आत कोरडे राहिले तर पास. आर्द्रतामापक, दुरून तापमान मोजणारा थर्मामीटर आणि खुणा केलेली बादली एवढे सामान पुरते.

वेळ जुलै-ऑगस्टची ठेवावी. स्थानिक गवंड्यांना तेव्हा काम कमी असते आणि गळणारी घरे धडा म्हणून दाखवता येतात. अडचण एकच : मोठ्या साइटवरचे बरेच कारागीर परप्रांतातून आलेले असतात आणि पाऊस लागण्याआधी गावी जातात. त्यांच्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये साइटवरच, हिंदी आणि कन्नडमधून, टँकरचे पाणी मारून वर्ग घ्यावा लागेल. हा खर्च बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जमा होणाऱ्या १ टक्का उपकरातून व्हावा, अशी आमची मागणी आहे. पैसा बांधकामाचाच आहे.

आपले,
दोन स्थापत्य अभियंते, रत्नागिरी