पाच वाजताचा भोंगा

वॉर्सा, २ ऑगस्ट

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "शेजारी युक्रेनमध्ये युद्ध पेटलंय, परत ये." मी विषय बदलला. नंतर वाईट वाटलं, म्हणून लिहायला बसले.

काल पाच वाजता मी ट्राममध्ये होते. भोंगा झाला आणि ट्राम जागीच थांबली. रस्त्यावर माणसं गाड्यांतून उतरून उभी राहिली. माझ्या शेजारच्या आजींनी मांडीवरची चेरीची पिशवी बाजूला ठेवली आणि दांडा धरून कशाबशा उठल्या. मिनिटभर नुसता भोंगा. १ ऑगस्ट १९४४ ला याच वेळी वॉर्सा जर्मनांवर उठलं आणि ६३ दिवस लढलं. हरल्यावर हिटलरच्या हुकमानं शहरातली घरं जाळली, सुरुंगांनी उडवली. मी ज्या जुन्या चौकातून जाते-येते, तो युद्धानंतर अठराव्या शतकातली चित्रं समोर ठेवून पुन्हा बांधलेला आहे. भिंतींना हात लावला तरी खरं वाटत नाही.

पोलंड म्हणजे उघडा माळ. पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून येणाऱ्याला अडवायला डोंगर नाही. १२४१ मध्ये मंगोल आले, १६५५ मध्ये स्वीडिश. पुढे रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं तीन वेळा लचके तोडले आणि १७९५ पासून १२३ वर्षं पोलंड नकाशावरच नव्हता. आई, तू शाळेत शिकवलंस, म्हणून हे तुला सांगायचंय. १९०१ मध्ये जर्मन राजवटीतल्या व्झेश्न्या गावच्या पोरांनी जर्मनमधून धर्माचा धडा म्हणायला नकार दिला. त्यांना छड्या बसल्या, तरी ती हटली नाहीत. भाषा टिकली ती अशा पोरांमुळे आणि त्यांच्या आयांमुळे.

१९३९ मध्ये १ सप्टेंबरला पश्चिमेकडून हिटलर घुसला, १७ तारखेला पूर्वेकडून स्टालिन. पूर्वेकडच्या लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानला नेलं. त्यातले जे वाचले, त्यांतले काही इराणमार्गे आपल्याकडे पोचले.

होय, आपल्याकडे. मी कोल्हापूरची म्हटल्यावर घरमालकीणबाईंनी पहिला शब्द उच्चारला तो 'वालीवाडे'. त्यांच्या मावशीचं बालपण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत गेलं. १९४३ ते १९४८, तिथं सुमारे पाच हजार पोलिश माणसं होती, त्यांत बहुतेक बायका-मुलंच. आणि मी? दिवाळीच्या कपड्यांसाठी वर्षानुवर्षं गांधीनगरला गेले, पण तिथल्या बराकींत आधी कोण राहायचं ते कधी विचारलं नाही. पोलिश गेले आणि फाळणीतून आलेले सिंधी त्याच बराकींत उतरले. एका उजाडलेल्या घराची जागा दुसऱ्यानं घेतली.

२०२२ मध्ये युक्रेनमधून बायका-मुलं आली, तेव्हा इथल्या लोकांनी त्यांना आपल्या घरांत ठेवून घेतलं. घरमालकीणबाईंकडेही एक आई आणि दोन मुली आठ महिने होत्या. त्या म्हणाल्या, "मावशीला कोणीतरी ठेवून घेतलं होतं ना."

बाबा, भीती मलाही वाटते, ती लपवत नाही. पण या माणसांमध्ये एकटं वाटत नाही. दिवाळीला येते, तेव्हा सगळं बोलू.

तोवर एक काम करा. गुडघा साथ देईल त्या दिवशी, सकाळच्या फिरण्यात, महावीर गार्डनमधल्या पोलिश लोकांच्या स्मारकापर्यंत जा. आईला बरोबर न्या, एकटे जाऊ नका. फोटो काढून पाठवा, अक्षरं वाचता येतील एवढ्या जवळून. घरमालकीणबाईंना दाखवायचाय.

तुमची,
मनू