ठिबकची नळी आणि डिंक्या

नागपूर, रविवार

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांचा आवाज जरा चढला होता. "घरची डॉक्टर असून काकाला स्टेंट न टाकता परत पाठवलं काऊन?" मी तेव्हा कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीच्या, दारात होते, अंगावर शिशाचा जड एप्रन, पुढचा पेशंट टेबलवर. उत्तर तोडून दिलं. म्हणून आज सावकाश लिहिते.

चूक माझीच आहे, आणि जुनी. हृदयरोगाचं डीएम शिकत होते तेव्हा मीच सांगितलं होतं की हृदयाची धमनी म्हणजे आपल्या बागेतली ठिबकची नळी. क्षार धरले की पाणी अडतं, आम्ही स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, टाकून मोकळं करतो. बाबांना ते इतकं पटलं की अख्ख्या काटोलला सांगत सुटले! पण बाबा, धमनी नळी नाही. आजार तिच्या भिंतीतच मुरतो, संत्र्यावरच्या डिंक्या रोगासारखा. संत्र्याच्या बुंध्यावर एके ठिकाणी डिंक दिसला, तर तेवढी साल खरवडून तुम्ही थांबता का? बोर्डो पेस्ट लावता, बुंध्याशी पाणी साचू देत नाही, शेजारची झाडंही बघून येता. काकांचं बीपी, कोलेस्टेरॉल आणि तो तंबाखूचा खर्रा, हे बुंध्याशी साचलेलं पाणी आहे. कित्येकदा अटॅक येतो तो जिथे अँजिओग्राफीत मोठा अडथळा दिसतही नाही अशा जागी. भिंतीतला चरबीचा थर फाटतो, त्यावर गुठळी धरते.

अटॅक चालू असेल तर मी रात्री दोनलाही स्टेंट टाकते, तिथे एकेक मिनिट मोलाचं. काकांचं तसं नाही. जिना चढला की छाती भरून येते, थांबलं की जाते. डावी मुख्य धमनी चांगली, हृदयाची ताकदही. अशाच लोकांवरचा इस्केमिया नावाचा अभ्यास 2020 साली छापून आला. 37 देशांतले 5179 पेशंट, त्यात आपले भारतातलेही. निम्म्यांना औषधांबरोबर लगेच अँजिओग्राफी आणि लागेल तसा स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी नुसती औषधं. तीनेक वर्षांनी मृत्यू आणि अटॅक यांत ठळक फरक निघाला नाही. दुखणं मात्र पहिल्या गटाचं जास्त कमी झालं. म्हणून काकांना दार बंद नाही. तीन महिने गोळ्या नीट घेऊनही जिन्यावर दुखलं, तर मनगटातून जाऊन मीच टाकेन.

आई, तू नेहमी विचारतेस, स्वतःचं हॉस्पिटल काढायचं सोडून पोरांना शिकवत काय बसलीस. तुला ग्रुन्टझिग नावाच्या डॉक्टरची गोष्ट सांगायची राहिली. 16 सप्टेंबर 1977 ला झुरिकमध्ये त्याने जाग्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत, अडथळा उघडायला, पहिल्यांदा फुगा फुगवला. तसले फुगे त्याने घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर करून पाहिले होते. (तू बाबांना साधा फवारणीचा पंप ओट्यावर खोलू देत नाहीस.) मला त्याचं पुढचं जास्त आवडतं. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून तो त्यांच्यादेखत थेट करून दाखवायचा. बिघडलं तर सगळ्यांसमोर बिघडणार.

आमची शुक्रवारची मीटिंग तशीच असते. काकांची फिल्म मी नाव झाकून लावली. निम्मे रेसिडेंट म्हणाले, टाका स्टेंट. एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, टाकून यांचं काय बदलणार?" तासभर भांडलो. एकटीने हॉस्पिटल चालवलं असतं तर मला हे कोणी विचारलं असतं?

आणि बाबा, तुमची ती 'ॲसिडिटी'. छातीत दाब आला, घाम फुटला, तर सोडा पिऊन पडून राहू नका. नागपूर साठेक किलोमीटर आहे. आधी काटोलमध्येच ईसीजी काढा, फोटो मला पाठवा. पोचायला उशीर होणार असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच देता येतं.

हे पत्र काकांना वाचून दाखवा. डिंक्याचं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

तुमची,
बेबी