आठव्यातून नवव्यात जाताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार घालायचे म्हणून आमच्या फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या सभामंडपात महिनाभर पहाटेचा वर्ग चालला. मी ६४ वर्षांचा. ३१ वर्षे बस चालवली, त्यातली बरीच चोर्ला घाटातून बेळगावला. कंबर त्या वळणांवरच राहिली, म्हणून वर्गात नाव घातले.

शिकवणारा मुलगा गुणी, आवाज खणखणीत. पण टाळी वाजवून तो नुसते आकडे म्हणायचा. पाव तासात २७ नमस्कार, एकेकात १२ स्थिती, म्हणजे एकूण ३२४. एकेकीला तीन सेकंदही येत नाहीत. प्रत्येक आसन कसे दिसायला हवे ते त्याने नीट सांगितले, एका आसनातून दुसऱ्यात जायचे कसे ते मात्र कधीच नाही.

आठवी स्थिती पर्वतासन : कंबर वर, डोके खाली. ‘नऊ’ म्हटले की पाय दोन हातांच्या मधे यायला हवा. माझा अर्ध्या वाटेतच टेकायचा. एकदा टाळी गाठायला म्हणून ओढला, तर अंगठा सतरंजीच्या चुणीत अडकला आणि मी शेजाऱ्याच्या अंगावर. दोघेही लादीवर. मनगट आठवडाभर सुजून होते. वर ‘काका, लक्ष कुठे आहे?’ हेही ऐकून घेतले.

लक्ष होते हो! घाटात गाडी फसते ती बहुधा गिअर बदलताना. क्लच दाबला की क्षणभर गाडी मोकळी सुटते. तेवढ्यात वेग आवरलेला नसेल तर पुढचा गिअर पडतच नाही. नव्या चालकाला आम्ही आधी हेच शिकवायचो.

शेवटी मागच्या रांगेतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी वर्ग सुटल्यावर दाखवले. आधी श्वास पूर्ण सोडायचा. खांदे पुढे आणून भार तळव्यांवर घ्यायचा, गुडघा छातीशी आणायचा आणि मग श्वास घेत पाऊल ठेवायचे. तरी नाही पोचले, तर दुसरा गुडघा टेकून घोटा हाताने धरून पुढे आणायचा, त्यात लाज कसली? दहाव्यातून, म्हणजे उभ्याने पुढे वाकलेल्या स्थितीतून, वर येतानाही तसेच. गुडघे थोडे वाकवून, डोके सगळ्यांत शेवटी. मी रक्तदाबाची गोळी घेतो. झटक्यात उठलो की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, ते थांबले. धालो हा आमच्याकडचा बायकांचा रांगेने करायचा लोकनाच, तो चालतो ती जागा म्हणजे मांड. आमची मंडळी हसून म्हणाली, ‘धालोच्या मांडावर येऊन बघा, रांग पुढे वाकते, मागे येते, कुणाच्या पावलाला हिसका बसतो का?’

रथसप्तमीला मी १२ नमस्कार घातले आणि बाजूला बसलो. १०८ पुरे करणाऱ्यांचे कौतुकच आहे. पण साठीच्या पुढच्यांसाठी टाळी नको. ज्याच्या त्याच्या श्वासावर चालणारी वेगळी रांग असावी, एवढे वर्ग घेणाऱ्यांनी ऐकावे.

आणि एक विनंती तुम्हालाही. २०१५ पासून दर २१ जूनच्या सुमाराला वर्तमानपत्रांतून आसनांची छायाचित्रे येतात. सगळी पुऱ्या झालेल्या आसनांची. यंदा दोन आसनांच्या मधली चार-पाच छापा. माणूस मिळत नसेल तर मी येतो. घोटा हातात धरलेला फोटो आला तरी माझी हरकत नाही.

आपला,
एक निवृत्त बसचालक, फोंडा