रॉक गार्डनची भिंतही नेकचंद यांच्या कामाचाच भाग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चंदीगड म्हटले की आपल्याकडे त्या शहराचा आराखडा करणारे वास्तुकार ल कॉर्बुझिए यांचेच नाव निघते. त्यांचे तिथले कॅपिटॉल कॉम्प्लेक्स हे सरकारी इमारतींचे संकुल २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, याचा आनंदच आहे. पण मार्च २०२५ मध्ये त्याच संकुलातल्या उच्च न्यायालयाच्या पार्किंगसाठी आणि रस्ता रुंद करण्यासाठी शेजारच्या रॉक गार्डनच्या, म्हणजे नेकचंद सैनी यांनी भंगारातून उभारलेल्या शिल्पबागेच्या, भिंतीचा काही भाग पाडला गेला. ती सल अजून जात नाही.

नेकचंद सैनी शिल्पकला कुठेच शिकले नव्हते. फाळणीत आता पाकिस्तानात असलेल्या शकरगढकडचे गाव सुटले आणि पुढे चंदीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ते रोड इन्स्पेक्टर झाले. मीही आपल्या राज्यात त्याच खात्यात नोकरी केली. दिवसभर खडी, डांबर आणि मजुरांचे मस्टर सांभाळल्यावर अंगात काय उरते, हे मला ठाऊक आहे. हा माणूस मात्र १९५७ पासून कामावरून सुटला की सायकलवर भंगार लादून सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात जायचा. तिथे बांधकामाला बंदी होती, म्हणून सगळे लपूनछपून. रात्री उजेडासाठी जुने टायर जाळायचे. असे तब्बल १८ वर्षे!

तिथल्या बायकांच्या पुतळ्यांजवळ जाऊन पाहावे. घागरा-ओढणी म्हणून अंगभर फुटक्या बांगड्यांचे तुकडे, ओळीओळीने सिमेंटमध्ये बसवलेले. कुठे आत सायकलचा सांगाडा, कुठे फुटक्या कपबशा, कुठे विजेच्या सामानाचे चिनीमातीचे तुकडे. नव्या शहरासाठी जी गावे उठवली, त्यांचा राडारोडाही यातच आला.

‘टाकाऊतून टिकाऊ’ एवढेच म्हणून या कामाची बोळवण करणे मला पटत नाही. सरळ रेषांच्या, सेक्टरांच्या शहरात त्यांनी हरवलेले गाव पुन्हा वसवले. वळणावळणाच्या वाटा, मान लववूनच आत जावे लागेल अशी बुटकी दारे, चौक, धबधबे. अशा रचनेत भिंत म्हणजे नुसते कुंपण नसते. तीही शिल्पच असते.

१९७५ मध्ये हे सगळे उघडकीस आले, तेव्हा कायद्याने ते पाडता आले असते. पण प्रशासनाने १९७६ मध्ये बाग लोकांसाठी खुली केली, नेकचंदना मजूर आणि पगार दिला. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. १९९० साली रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा लोक आडवे उभे राहिले. २०१५ मध्ये नेकचंद गेले. आता त्यांच्या बाजूने बोलायचे ते आपणच.

चंदीगड प्रशासनाने संपूर्ण रॉक गार्डनला, भिंतींसकट, कायद्याचे संरक्षण द्यावे आणि पाडलेला भाग नेकचंद यांच्या पद्धतीने पुन्हा बांधावा. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता, सातारा