साक्षरतेची परीक्षा झाली, आता जरा कामाचं पण मोजा

मा. संपादक,
स. न.

३० मे २०२५ ला गोवा 'पूर्ण साक्षर' झाल्याची घोषणा झाली तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. राज्याच्या स्वतःच्या सर्व्हेत आकडा ९९.७२ टक्के आणि केंद्राच्या २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात त्याच गोव्याचा ९३.६० टक्के. केंद्राच्या प्रौढ साक्षरतेच्या 'उल्लास' योजनेत ९५ टक्के झाले की पूर्ण साक्षर धरतात. कुठला आकडा खरा त्या वादात मला पडायचं नाही, गोव्याचं अभिनंदनच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. एवढे लोक साक्षर झाले म्हणजे त्यांना नेमकं काय करता येतं, हे आपण कुठे मोजतो का?

मी आयटीआयमधे फिटर ट्रेडला निदेशक होतो, आता रिटायर. जुन्या स्टील रूलचं, म्हणजे मापाच्या पट्टीचं, टोक झिजलेलं असतं म्हणून फिटर १० मिलिमीटरच्या खुणेपासून माप घेतो आणि शेवटी १० वजा करतो, ट्रेडमधली अगदी पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दहावी पास होऊन आलेली पोरं तिथेच अडकायची. मला वाटायचं आमच्याकडे येणाऱ्या पोरांचाच बेस कच्चा असेल, मग 'असर'चा, म्हणजे मुलांना काय येतं ते घरोघरी जाऊन तपासणाऱ्या सर्व्हेचा, २०२३ चा रिपोर्ट वाचला. २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत, ग्रामीण भागात, १४ ते १८ वयाच्या जवळपास ३५ हजार मुलामुलींना घरी जाऊन विचारलेलं. वस्तू पट्टीच्या शून्यावर ठेवली तर ८५ टक्क्यांना लांबी सांगता आली, तीच वस्तू थोडी पुढे सरकवून ठेवली तर फक्त ३९ टक्क्यांना. म्हणजे शाळेत मोजायला नाही शिकवलं, पट्टीवरचा आकडा वाचायला शिकवलं. यातली बरीच पोरं आता १८ च्या पुढे गेली, मतदार झाली, कामाला लागली, आणि सरकारी हिशोबात सगळी साक्षरच.

त्याच रिपोर्टमधे कर्जाचं पण आहे. ज्यांना निदान वजाबाकी येते अशांमधे, डिस्काउंट काढून किंमत सांगणारे ३७ टक्के, आणि कर्जाची एकूण परतफेड किती होईल हे सांगणारे जेमतेम १० टक्के. बचत गटातल्या बायका बघा, हप्ता किती, कुठल्या तारखेला, कोणाचा थकला, सगळं तोंडपाठ, वही उघडायची गरज नाही. पण 'फ्लॅट १२ टक्के' म्हणून, म्हणजे हप्ते फेडत गेलं तरी व्याज मूळ रकमेवरच लावून, कोणी कर्ज गळ्यात मारलं तर वर्षभराच्या मासिक हप्त्यांवर खरा दर साडेएकवीसच्या आसपास जातो हे कोण सांगणार त्यांना? (बँकेतल्या सगळ्यांना तरी सांगता येईल का, मला शंका आहे.)

आणि इथे एक उलटी गोष्ट पण आहे जी मला जास्त महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी २०२५ मधे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात नोबेलवाले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरेंचा अभ्यास आला, दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांचा. ही मुलं सातशे-आठशे ग्रॅमचा भाव आणि वरून सुट्टे पैसे तोंडी फटाफट सांगतात, तेच गणित कागदावर पुस्तकी भाषेत दिलं की गप्प, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांचं बरोबर उलटं. आपल्याकडच्या जुन्या माणसांना तर हे सांगायलाच नको, पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेली माणसं अडत्याच्या आधी विकलेल्या मालाचा हिशोब सांगायची आणि सहीच्या जागी अंगठा. त्यांना आपण अंगठेबहाद्दर म्हणून मोकळे झालो.

आता 'उल्लास'ची परीक्षा घ्या. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५० असे १५० गुण, प्रत्येकात ३३ टक्के पडले की सर्टिफिकेट. सत्तरीची आजी परीक्षेला बसते, पेपरात फोटो येतो, मला पण बघून बरं वाटतं, त्यात खोटं काही नाही. मुरबाडजवळ फांगणे गावात तर २०१६ पासून आजीबाईंची शाळा चालू आहे. पण योजनेच्या कागदावर अक्षरओळखीबरोबर जीवनकौशल्य आहे, व्यवसाय कौशल्य आहे, निरंतर शिक्षण आहे. १५० गुणांच्या पेपरात त्यातलं काय तपासलं जातं? लाडक्या बहिणीची ई-केवायसी करायला बाई दुसऱ्याच्या हातात मोबाईल आणि ओटीपी देते, ती पास झालेली असते!

बाहेरच्या देशांत हे मोजायची पद्धत आहे. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचा प्रौढ कौशल्यांचा सर्व्हे, पियाक म्हणतात. शेवटच्या फेरीचे निकाल डिसेंबर २०२४ मधे आले, ३१ देश आणि प्रदेश, १६ ते ६५ वयाची सुमारे एक लाख साठ हजार माणसं. घरी टॅबलेट घेऊन येतात, पास-नापास काही नाही, रोजच्या जगण्यातली कामं देतात आणि माणूस कुठल्या पातळीवर आहे ते बघतात. अमेरिकेत अंकज्ञानात ३४ टक्के प्रौढ सगळ्यात खालच्या पातळ्यांवर निघाले, आणि ही बहुतेक शाळेत गेलेली माणसं बरं का. त्यांना वाईट वाटलं असेल पण कळलं तरी. भारत या सर्व्हेत नाही.

आणि आपण कौशल्य भारत म्हणत सेंटरवर सेंटर उघडतोय. २०२२-२३ च्या श्रमबल सर्वेक्षणात १५ ते २९ वयातल्या जेमतेम ४.४ टक्क्यांनी औपचारिक प्रशिक्षण घेतलेलं, १६.६ टक्के इकडेतिकडे बघून शिकलेले. म्हणजे बहुतेक मेकॅनिक, वायरमन, गवंडी हे दुसऱ्याच्या हाताखाली तयार झालेले. त्यांच्याकडे सर्टिफिकेट नाही म्हणून ते अकुशल, असंच धरून चालायचं का? त्यांना काय येतं ते तपासायची सोय नाही आणि सर्टिफिकेटवाल्याला काय येत नाही ते पण कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच की 'उल्लास' २०२७ ला संपायच्या आत राज्याने प्रत्येक जिल्ह्यात थोडी घरं निवडून एक छोटा सर्व्हे करावा. औषधाच्या पाकिटावरचं वाचून डोस सांगा, पगाराच्या स्लिपवरून किती कापलं ते सांगा, पट्टी सरकवून मोजा, कर्जाचा हिशोब करा. आणि प्रश्न दोन्ही प्रकारे विचारावेत, तोंडी पण आणि कागदावर पण, नाहीतर बाजारातली बाई पुन्हा नापास. जनगणना होणारच आहे पण तिथे लिहिता-वाचता येतं का, हो की नाही, एवढंच विचारणार. हे काम शिक्षकांच्या गळ्यात मात्र घालू नका, २०२३ ला असाक्षर शोधायच्या कामावर त्यांनी बहिष्कार घातला होता आणि मला ते पटलं होतं. आयटीआयची, पॉलिटेक्निकची पोरं घ्या, आमच्यासारखे रिटायर लोक घ्या. टॅबलेट नसले तर कागदावर करा, 'असर' २००५ पासून कागदावरच करतंय.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक, नाशिक जिल्हा